पिएर जाने : हरवलेल्या आठवणींचा वैद्य

फ्रॉइडचे नाव ऐकले नाही असा विद्यार्थी कोणत्याही महाविद्यालयात क्वचितच सापडेल. पिएर जाने म्हटले की मात्र हे कोण, असा प्रश्न येतो. मला हा अन्याय वाटतो.

१८५९ साली पॅरिसमध्ये जन्मलेले जाने मूळचे तत्त्वज्ञानाचे अध्यापक. ल हाव्र या बंदराच्या गावी शिकवीत असताना सवड काढून ते तिथल्या रुग्णालयातील मनोरुग्णांचा अभ्यास करू लागले. त्यावरचा त्यांचा प्रबंध १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे शार्को यांच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात त्यांनी काम केले आणि १८९३ मध्ये ते रीतसर डॉक्टर झाले.

इरेन या टोपणनावाने त्यांनी एका तरुणीची हकीकत लिहून ठेवली आहे. आई क्षयाने अंथरुणाला खिळलेली. या मुलीने रात्रीच्या रात्री जागून तिची शुश्रूषा केली. आई गेली तरी ती मृतदेहाला उठवू पाहत होती. अंत्यविधीच्या वेळी मात्र डोळ्यांत टिपूस नाही, उलट ती हसत होती! नातेवाईक संतापले. पण ती निर्दय नव्हती. आई गेल्याचे तिला आठवतच नव्हते. मात्र पलंग एका ठरावीक बाजूने दिसला की तिचे भान हरपे आणि त्या रात्रीचा सारा प्रसंग ती तासन्‌तास करून दाखवी. भानावर आली की पुन्हा पाटी कोरी.

आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांच्या भाषेत सांगायचे तर नोंद कीर्दीत झाली, पण खतावणीत चढलीच नाही. आघात सोसवला नाही की आठवणीचा तुकडा उरलेल्या मनापासून सुटा पडतो. यालाच जाने मनाचे विघटन म्हणत. बऱ्याच प्रयत्नांनंतर इरेन आईचा मृत्यू स्वतःच्या तोंडाने सांगू शकली, आणि रडलीही. जाने यांच्या लेखी ती बरी होण्याची खूण होती.

१९०२ पासून १९३४ पर्यंत ते कोलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक होते. १९४७ मध्ये ते वारले. रुग्णांची गुपिते बाहेर पडू नयेत म्हणून त्यांच्या इच्छेनुसार हजारो टिपणे जाळण्यात आली.

आघातोत्तर ताणविकृती हे निदान १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसंहितेत आले. २०१३ च्या आवृत्तीत तिचा विघटनयुक्त उपप्रकार वेगळा नोंदला गेला. आधी मूळ विकृतीची लक्षणे पाहतात. मग डॉक्टर विचारतात : आपण आपल्या शरीराबाहेर उभे राहून स्वतःकडे पाहतो आहोत असे वारंवार वाटते का? भोवतालचे जग स्वप्नासारखे, खोटे भासते का? हे नशेमुळे किंवा अपस्माराच्या एखाद्या प्रकारामुळे होत नाही ना, याचीही खात्री करून घ्यावी लागते. असा रुग्ण बाहेरून पुष्कळदा शांत दिसतो, आपण होऊन काही सांगत नाही. म्हणून त्याला मुद्दाम विचारावे लागते.