कै. डॉ. आनंदीबाई जोशी आणि त्यांचा प्रबंध

महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांचा कारभार पाहणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकातच आहे. ॲलोपथीचे व आयुर्वेदाचे विद्यार्थी त्याच्याच परीक्षा देतात. एकांच्या पुस्तकांत ग्रीक-लॅटिन घडणीचे शब्द, तर दुसऱ्यांच्या पुस्तकांत सुश्रुताचे. भगिनींनो, १८८६ साली एका मराठी मुलीने या दोन्ही शास्त्रांचे ग्रंथ समोर ठेवून प्रबंध लिहिला होता, आणि तोही बाळंतपणावर!

कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना ३१ मार्च १८६५ रोजी जन्मली. नवव्या वर्षी पोस्टातील कारकून गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न होऊन ती आनंदी झाली. गोपाळराव वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे, हट्टी आणि तापट. शिकविण्याचा त्यांचा ध्यास मोठा होता. पण त्या ध्यासाचा जाच सोसला तो आनंदीबाईंनी, हे विसरू नये. तेराव्या वर्षी त्यांना मुलगा झाला व दहाच दिवसांत गेला. डॉक्टर होण्याचा निश्चय त्या दुःखातून झाला, असे चरित्रकार सांगतात.

१८८० साली गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना मदतीसाठी लिहिले. धर्म बदलाल तर पाहू, असे उत्तर आले. तो पत्रव्यवहार छापून आला आणि न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला. दोघींत मावशी-भाचीचे नाते जुळले. लोकांचा विरोध वाढला तेव्हा फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भरसभेत सांगितले, की स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी आहे, आणि मी हिंदू म्हणूनच जाईन व परत येईन. एप्रिलमध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, त्या पतीवाचून बोटीत चढल्या.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. शिक्षण परभाषेत, थंडी कडक, प्रकृती आधीच नाजूक. प्रबंधाला विषय घेतला आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. त्यासाठी त्यांनी अमेरिकन पाठ्यग्रंथांबरोबर आयुर्वेदाचेही आधार घेतले. आपल्या शास्त्राला या बाबतीत शब्दांची वाण नव्हतीच. अडलेल्या बाळाला सुश्रुत मूढगर्भ म्हणतो. हात, पाय व डोके वर करून वाट रोखणारा तो कील म्हणजे खुंटी, तर अडसरासारखा आडवा पडलेला तो परिघ. घराच्या दाराला लागणारेच हे शब्द! आमच्या आज्यापणज्याही बाळ आडवे आले असेच म्हणत.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम्. डी. झाल्या. समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक केली. परंतु त्या परतल्या त्या क्षय घेऊनच. कोल्हापूरचे काम त्यांच्या हातून सुरूच झाले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला; बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सीच्या दफनभूमीत, त्यांच्या कुटुंबाच्या जागेत, ती ठेवलेली आहे. प्रबंध फिलाडेल्फियातच राहिला. ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात तो जपलेला आहे.