आधी स्वतःला टोचून घेतलेला डॉक्टर

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आल्याची बातमी फुटली आणि उधना, लिंबायतमधली आपली खान्देशी माणसं मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाली. तेव्हा निदान टेट्रासायक्लिनच्या गोळ्या तरी होत्या. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला तेव्हा औषध असं काही नव्हतंच.

त्या वर्षी सरकारने कोलकात्याहून वाल्देमार हाफकिन यांना बोलावलं. जन्म १८६० चा, गाव ओडेसा, धर्माने ज्यू. कॉलऱ्याची लस त्यांनी १८९२ मध्ये पॅरिसला आधी स्वतःवर करून पाहिली होती. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या छोट्या जागेत ते कामाला लागले. मांसाच्या रसात तुपाचे थेंब सोडून जंतू वाढवायचे, मग तापवून मारायचे. होय, आपलंच तूप!

पण धडधाकट माणसाला मेलेले का होईना, प्लेगचे जंतू टोचायचे कसे? १० जानेवारी १८९७ ला हाफकिननी स्वतःला १० सीसी टोचून घेतली. पुढे लोकांना दिली त्याच्या तिप्पट-चौपट. ताप चढला, टोचलेली जागा ठणकली, पण माणूस उठून कामाला लागला. मग भायखळा तुरुंगातल्या कैद्यांना विचारून टोचलं. कैद्याचा होकार कितपत खरा, हा प्रश्न मात्र उरतोच.

त्याच वर्षी सुरतेच्या दक्षिणेला, पोर्तुगीजांच्या दमणमध्ये साथ भडकली. हाफकिन यांच्या नोंदींनुसार तिथे लस घेतलेल्या २,१९७ जणांत ३६ दगावले, न घेतलेल्या ६,०३३ जणांत १,४८२.

एवढं होऊनही १९०२ मध्ये त्यांच्यावर बालंट आलं. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. खापर हाफकिनवर फुटलं, पद गेलं. पुढे दिसलं ते असं, की दोष प्रयोगशाळेचा नसावा, बाटली गावात उघडताना घाण शिरली असावी. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी बाजू घेतली, तेव्हा कुठे १९०७ मध्ये ते मोकळे झाले. मुंबईची प्रयोगशाळा मात्र परत मिळाली नाही, कोलकात्याला जावं लागलं.

परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचं नाव दिलं गेलं. तोवर ते भारत सोडून गेले होते. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं.