पुण्याचा तो निनावी हात

पानाला लावायचा कात आपल्या सर्वांच्या ओळखीचा. किनवटच्या बाजारात पानठेल्यावर त्याचा तांबडा रंग दिसला, की मला कावसजी आठवतो. याच काताने दोनशे वर्षांपूर्वी त्याचे नवे नाक धरून ठेवले होते.

कावसजी शेतकरी जातीचा मराठा, इंग्रजी फौजेत बैल हाकणारा. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. हात गेलेला माणूस कसाबसा जगतो. पण आपल्याकडे अब्रूलाच नाक म्हणतात. वर्षाहून अधिक काळ तो तसाच वावरला. कंपनी सरकारने पेन्शन दिले, पण पेन्शनमधून चेहरा कसा मिळावा?

तो दिला पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने. त्याने मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक घडवले, ते सपाट करून कपाळावर ठेवले आणि भोवती रेघ ओढली. तेवढी कातडी सोडवली. मात्र दोन डोळ्यांमधली चिंचोळी पट्टी तोडली नाही. रक्त तिच्यातूनच पोचत राहिले. मग कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. वर ओल्या काताच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेली फडकी. नवे जुन्याशी एकजीव झाल्यावर, सुमारे पंचविसाव्या दिवशी, ती पट्टी कापली. आजच्यासारखी भूल तेव्हा नव्हती!

क्रूसो आणि फिंडले या मुंबई इलाख्यातल्या डॉक्टरांनी हे पाहिले. जेम्स वेल्सने कावसजीचे चित्र काढले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हकिकत छापून आली आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली.

पुढे विज्ञानाने मोठी झेप घेतली. १९७५ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स ऱ्हाइनवाल्ड यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. १९८३ मध्ये जवळजवळ सर्वांग भाजलेल्या दोन लहान भावांना, त्यांच्याच उरल्यासुरल्या त्वचेतून वाढवलेल्या पापुद्र्यांनी जीवदान मिळाले. परक्याची कातडी शरीर फार दिवस ठेवून घेत नाही. जखम कायमची झाकायला आपलीच लागते. आपल्या त्या कारागिरानेही कावसजीच्याच अंगाची कातडी वापरली होती.

बँकेत माझे आयुष्य नोंदी तपासण्यात गेले. कावसजीचे नाव, चित्र, पेन्शन, सगळे कागदावर उतरले. चेहरा परत देणाऱ्याचे नाव मात्र त्या हकिकतीत नाही. ती रिकामी ओळ अजून सलते.