पंडिता रमाबाई आणि साध्या मराठीतील शास्त्र

शिरूर व दौंड तालुक्यांतील मंडळ्यांना केडगाव हे नाव अपरिचित नाही. पुण्याहून दौंडास जाणाऱ्या लोहमार्गावर ते गाव लागते, आणि पंडिता रमाबाईंनी तेथे स्थापिलेले मुक्ति मिशन आजही आपले काम करीत आहे. रमाबाई म्हणजे अनाथांची व विधवांची माता, एवढे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु त्या शास्त्राच्या विद्यार्थिनी कशा झाल्या, आणि ते शास्त्र खेड्यातील बाईच्या हाती जावे म्हणून त्यांनी किती श्रम केले, हे थोडक्यांसच माहीत आहे. तेच आज आम्ही सांगणार आहो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, आणि आईने ती विद्या मुलीस दिली. लहानपणीच भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंस मुखोद्गत झाले. पुढे दक्षिणेतील मोठ्या दुष्काळात आई, बाप व वडील बहीण ही अन्नावाचून मरण पावली. रमाबाई व त्यांचे भाऊ श्रीनिवास पायी देश हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी या २० वर्षांच्या मुलीस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

याच शहरी एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट घडली. काही ख्रिस्ती लोकांनी या बहीणभावांस संस्कृत भाषेतील पवित्र शास्त्राची एक प्रत दिली. संस्कृतात त्यांचा हात धरणारे थोडे. तरी त्या ग्रंथाची भाषा त्यांस इतकी चमत्कारिक वाटली की त्यांनी तो वाचण्याचा नाद सोडून दिला. ग्रंथ हाती होता, पण त्याचे दार उघडले नाही.

१८८० साली भाऊ वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलांशी विवाह केला व त्या आसामातील सिलचर येथे राहू लागल्या. तेथे घरातील पुस्तकांत त्यांस लूककृत शुभवर्तमानाची लहानशी बंगाली प्रत सापडली. ही भाषा लोकांच्या बोलण्यातली होती. पंडितांच्या भाषेतील थोरल्या ग्रंथाने जे केले नाही, ते या छोट्या पुस्तकाने केले. त्या आवडीने वाचू लागल्या. परंतु १८८२ साली पतीही पटकीने गेले आणि रमाबाई तान्ही मुलगी मनोरमा हिला घेऊन पुण्यास आल्या.

१८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या हेतूने त्या इंग्लंडास गेल्या. कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत राहिला. वॉन्टेज येथील भगिनींची सेवा पाहून व शास्त्राचा अभ्यास करून त्यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या अमेरिकेस गेल्या, आणि परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्याच वर्षी ते पुण्यास आणले.

आता उपदेशक बंधूंनी विशेष ध्यान द्यावे. बाप्तिस्म्यास आठ वर्षे होऊन गेल्यावर, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंस आपल्या अंतःकरणातील उणीव दिसून आली. ख्रिस्ती धर्म आपणांस मिळाला, पण स्वतः ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांस वाटू लागले. विल्यम हॅस्लम नामक एका इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांनी वाचले. तो मनुष्य पाळकाचे काम करीत असता, खुद्द उपासनेत उपदेश करीत असतानाच पालटला होता. ते वाचून त्या स्वतःस तपासू लागल्या व शास्त्र पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या. एवढी विदुषी बाई, तरी पुन्हा शिष्य होण्यास लाजली नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या. त्या वेळी पुण्यात प्लेगची साथ होती; म्हणून मुलींस केडगावच्या शेतावर ठेविले, आणि तेथे मुक्ति सदन उभे राहिले. १९०० साली गुजराथेत दुष्काळ पडला, तेव्हा आणखी शेकडो आल्या. या मुली दळण, विणकाम, शेती, छपाई शिकत. त्याबरोबर शास्त्रही शिकत. पुष्कळींस तर प्रथम अक्षरओळखच करून द्यावी लागली. अमेरिकेहून आलेल्या मिनी अब्राम्स बाई या शिक्षणात मदत करीत. १९०५ साली रमाबाईंनी गावोगाव सुवार्ता सांगण्यास कोण जाईल असे विचारले, तेव्हा ३० तरुणी पुढे आल्या. काही वर्षांपूर्वी ज्या उपाशी रस्त्यावर पडल्या होत्या, त्या आता शास्त्र उघडून दुसऱ्यांस समजावू लागल्या.

या स्त्रियांस शिकविताना रमाबाईंस जुनी गोष्ट पुन्हा दिसली. प्रचलित मराठी भाषांतरातील जड संस्कृत शब्द त्यांस कळत नसत. शिवाय त्यांतील कित्येक शब्दांस जुन्या मतांचा अर्थ चिकटलेला, असे रमाबाईंचे मत होते. म्हणून त्यांनी स्वतः भाषांतर करण्याचे मनावर घेतले. वय पन्नाशीकडे झुकले असता त्यांनी मूळ इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. संस्कृतात ज्यांची कीर्ती, त्यांनीच ते अलंकार बाजूस ठेवून साधे शब्द शोधिले. मूळ शब्दास अगदी धरून चालल्यामुळे काही ठिकाणी वाक्ये अवघड झाली, असा आक्षेप जाणत्यांनी घेतला आहे, आणि तो निराधार नाही. तरी त्यांचा हेतू कोणी नाकारीत नाही. खिळे जुळविणे, छापणे, बांधणी करणे ही कामे मुक्तीतील स्त्रियांनीच केली.

काम शेवटास आले असता २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. आपल्यामागे सर्व कार्य हीच पाहील, अशी आईची आशा होती. त्या दुःखातही रमाबाईंनी लेखणी खाली ठेविली नाही. शेवटची मुद्रिते तपासून संपताच त्यांनी देह ठेविला, असे सांगतात. तो दिवस ५ एप्रिल १९२२. संपूर्ण शास्त्र १९२४ साली छापून बाहेर आले. ते पाहण्यास त्या नव्हत्या.

वाचकहो, आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत उपदेशक पुष्कळदा अल्पशिक्षित असतो, आणि ऐकणारे दिवसभर रानात राबून आलेले असतात. शास्त्राचा अभ्यास विद्वानांचे काम, असे म्हणून आपण सुटू पाहतो. रमाबाईंचे चरित्र ही सबब चालू देत नाही. ज्यास विद्या आहे, त्याने ती इतकी साधी करावी की चुलीपाशी बसलेल्या बाईस समजावी. ज्यास विद्या नाही, त्याने मुक्तीतील मुलींप्रमाणे पहिल्या अक्षरापासून आरंभ करावा. कंदिलाच्या उजेडात रोज एक अध्याय वाचावा, न कळलेला शब्द विचारून घ्यावा, आणि दुसऱ्यास सांगण्यापूर्वी तो आपल्याशी काय बोलतो हे पाहावे. इतके आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती आहे.