रेडिओ-रेकॉर्डपासून लांब राहिलेल्या केसरबाईंचा आवाज आंतरतारकीय अवकाशात पोहोचलाय

५ सप्टेंबर १९७७. अमेरिकेतल्या फ्लोरिडामधून नासाचं व्हॉयेजर १ हे यान झेपावलं. त्याचं जुळं भावंड, व्हॉयेजर २, सोळा दिवस आधीच निघालं होतं. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी होती आणि त्या तबकडीत साडेतीन मिनिटांची एक भैरवी.

ती भैरवी गाणाऱ्या बाई तेव्हा ८५ वर्षांच्या होत्या. यान निघाल्यावर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबरला, त्या गेल्या.

नाव केसरबाई केरकर. गाव गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं केरी.

तुम्ही त्यांचं नाव ऐकलं असेल तर बहुतेक या यानामुळेच. दरवर्षी कुणीतरी ती पोस्ट फिरवतं, आपण अभिमानाने शेअर करतो आणि पुढे जातो. पण या बाईंची खरी गोष्ट यान निघायच्या कितीतरी आधीची आहे.

त्यांचा जन्म १३ जुलै १८९२ चा, देवळाच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत समाजातला. या समाजातल्या मुलींना गाणं यायलाच हवं, अशी अपेक्षा असायची. त्या गाण्याला मान मिळेल याची मात्र खात्री नव्हती. गाणं ऐकायला सगळे यायचे, गाणारीला बरोबरीने वागवायची वेळ आली की हात आखडायचे.

केसरबाई आठ वर्षांच्या असताना कोल्हापूरला गेल्या आणि तिथे अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकू लागल्या. ते शिक्षण जेमतेम आठ महिने टिकलं. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे लामगावला यायचे तेव्हा त्यांच्याकडे शिकल्या. सोळाव्या वर्षी आई आणि मामांसोबत मुंबई गाठली. तिथे सतारिये बरकतुल्ला खाँ, मग भास्करबुवा बखले. गुरू सगळे मोठे, पण कुणाचाच सहवास सलग मिळाला नाही. आज इथे, उद्या तिथे, असंच सगळं शिक्षण.

हे थांबलं १९२१ मध्ये. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडे त्यांची तालीम सुरू झाली. तीही सहजासहजी नाही. शेठ विठ्ठलदास द्वारकादास यांनी मध्यस्थी केली, खाँसाहेबांच्या अटी कडक होत्या आणि पैसाही बराच मोजावा लागला, असं सांगतात. वय बघा, एकोणतिशी उलटत आलेली. त्या काळात या वयाच्या गायिका मैफली गाजवत असायच्या. केसरबाई पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसल्या आणि वर्षानुवर्षं बसल्या.

जयपूर घराण्याचं गाणं म्हणजे काय, हे इथे थोडक्यात सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. या गाण्यात मोकळा, भरदार आकार लागतो. ताना लयीच्या अंगाने, एकीतून दुसरी निघत जाते आणि ऐकणाऱ्याला श्वास कुठे घेतला ते कळतही नाही. रागही सोपे नाहीत. नट कामोद, ललिता गौरी यांसारखे, दोन रागांची गुंफण असलेले. असा राग उलगडायला वेळ लागतो. तास म्हटलं तरी कमीच.

आणि तेव्हाची रेकॉर्ड? एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. आलाप सुरू होतो न होतो तोच समेवर येऊन संपवायचं.

केसरबाईंनी रेकॉर्ड दिल्याच नाहीत असं नाही. तोडी, मालकंस, ललत अशा काही आहेत. पण त्याबाबत त्या फार चोखंदळ होत्या आणि रेडिओपासूनही लांबच राहिल्या. आपलं गाणं कुणी कुठेही, पान खाताखाता ऐकावं हे त्यांना मंजूर नव्हतं. ज्याला ऐकायचंय त्याने मैफलीत यावं, समोर बसावं. मैफलीचे पैसेही त्या घसघशीत घ्यायच्या.

यावरून त्यांना गर्विष्ठ म्हणणारे तेव्हाही होते, आताही आहेत. स्वभाव तिखट होता हे खरंच. पण ज्या समाजातल्या बायकांच्या गाण्याची किंमत पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांनी ठरवली, त्यातली एक बाई आता स्वतःची किंमत स्वतः सांगत होती. याला नुसता तोरा म्हणणं सोपं आहे, बरोबर नाही.

मान मिळाला तो या अटींवरच. १९३८ मध्ये रवींद्रनाथ टागोरांनी त्यांचं गाणं ऐकून कौतुक केलं. १९४८ मध्ये कलकत्त्यात 'सूरश्री' ही पदवी मिळाली, १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने राज्यगायिका म्हणून गौरवलं.

पण याची एक किंमत आपण मोजली. विद्या देण्यातही त्यांचा हात आखडता होता. मनापासून शिकवलं ते एकट्या धोंडूताई कुलकर्णींना. त्यामुळे ज्यांनी त्या मैफली ऐकल्या ते गेले आणि त्यांच्यासोबत ते गाणंही बरंचसं गेलं. आपल्या हाती उरल्या त्या मोजक्या तबकड्या, म्हणजे बाईंना जे अपुरं वाटायचं तेच.

आता यानाकडे येऊ. तबकडीवर जगभरातल्या संगीताच्या २७ रचना घ्यायच्या होत्या. निवड कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे होती. भारतातून काय घ्यावं, तर संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांनी केसरबाईंची भैरवी सुचवली. शीर्षक 'जात कहां हो'. अडचण अशी की ती रेकॉर्ड बाजारात मिळेना. शेवटी सेगन यांच्या सहकारी ॲन ड्रुयान यांना ती न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या उपकरणांच्या दुकानात सापडली. एका टेबलाखाली धूळ खात पडलेल्या खोक्यात.

बाख, बीथोव्हन, लुई आर्मस्ट्राँग, चक बेरी यांच्या रांगेत भारताची ही एकच रचना आहे. तबकडीवर ५५ भाषांमधले नमस्कारही आहेत, त्यात मराठीही आहे. परग्रहावरच्या कुणाला ती सापडलीच, तर वाजवायची कशी हे कळावं म्हणून वेष्टनावर आकृत्या कोरल्यात आणि सोबत सुईसुद्धा दिली आहे.

व्हॉयेजर १ ने २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावाची हद्द ओलांडली, व्हॉयेजर २ ने २०१८ मध्ये.

इकडे केरीत त्यांचं जन्मघर आहे. तिथून साधारण किलोमीटरभर अंतरावर त्यांचं दुसरं घर होतं. त्या जागेवर आता हायस्कूल भरतं. शाळेचं नाव, सूरश्री केसरबाई केरकर हायस्कूल.