आल्फ्रेड नोबेल

स्वीडन देशाची राजधानी स्टॉकहोम येथे २१ ऑक्टोबर १८३३ रोजी आल्फ्रेड नोबेलचा जन्म झाला. वडील इमॅन्युएल हे कल्पक इंजिनियर. परंतु व्यवसाय बुडाल्यामुळे ते रशियात गेले आणि १८४२ साली त्यांनी कुटुंबास सेंट पीटर्सबर्ग शहरी नेले. आल्फ्रेड प्रकृतीने नाजूक, पण बुद्धीने मोठा तल्लख होता. तेथे घरी येणाऱ्या शिक्षकांजवळ तो शिकला.

त्या शिक्षकांपैकी झिनिन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने नोबेल पितापुत्रांना एक तेलकट द्रव दाखविला. ते नायट्रोग्लिसरीन होते. इटलीतील सोब्रेरो याने १८४७ साली ते प्रथम तयार केले होते. झिनिनने थोडेसे नायट्रोग्लिसरीन ऐरणीवर ठेवून त्यावर हातोडा हाणला. मोठा आवाज झाला. पण हातोड्याखाली सापडला तेवढाच द्रव उडाला, बाजूचा तसाच राहिला! बंदुकीची दारू ठिणगी पडताच पेट घेते. हा द्रव मात्र उघड्यावर पेटविला तर बहुधा नुसताच जळे. मग तो सगळा एकदम उडावा कसा?

नोबेलने हेरले, की या द्रवाला ज्योत नको, धक्का हवा. जोरदार धक्का बसला की द्रव दाबला जाऊन एकाएकी तापतो, त्याचे रेणू फुटतात, आणि स्फोटाची लाट सेकंदास सात किलोमीटरांहून अधिक वेगाने त्यातून धावत जाते. १८६३ साली त्याने दारूचा लहानसा बार आधी उडवून त्या धक्क्याने नायट्रोग्लिसरीन उडविण्याची युक्ती काढली. पुढे दारूऐवजी पाऱ्याचे फल्मिनेट भरलेली धातूची टोपी त्याने वापरली. माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा शोध होय. डायनामाइटचे नाव मात्र अधिक गाजले.

या विद्येची किंमत भयंकर होती. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोममधील त्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन पाच माणसे मेली. त्यांत आल्फ्रेडचा धाकटा भाऊ एमिल होता. त्याला एकविसावे वर्ष चालू होते. काही महिन्यांतच वडिलांना पक्षाघात झाला. शहरात हे काम करण्यास बंदी झाली, तेव्हा नोबेलने सरोवरात एक पडाव नांगरून त्यावर काम चालू ठेवले. बारीकसारीक हादऱ्याने न उडणारे नायट्रोग्लिसरीन त्याला हवे होते. अखेर सूक्ष्म पाणवनस्पतींच्या कवचांनी बनलेल्या सच्छिद्र मातीत त्याने ते जिरविले. हेच १८६७ सालचे डायनामाइट. त्याने डोंगर फोडून बोगदे झाले. युद्धांतही ते वापरले गेले.

१० डिसेंबर १८९६ रोजी नोबेल मरण पावला. त्याने मागे ठेवलेल्या संपत्तीतून १९०१ पासून पारितोषिके दिली जाऊ लागली.

धक्का बसताच द्रवाच्या आत काय घडते, हे नोबेलला कधीच पाहता आले नाही. सेकंदाचे दहा लाख भाग करावेत, त्यांतील एकाचे पुन्हा शंभर कोटी. असल्या सूक्ष्म भागांत रेणूंचे बंध तुटतात. लेसरच्या तितक्याच क्षणिक झोतांनी रासायनिक क्रिया न्याहाळणाऱ्या अहमद झेवैल यांना १९९९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आता संशोधक लेसरच्या बळावर धातूची पातळ चकती द्रवावर आदळवितात आणि त्या धक्क्याने रेणू कसकसे फुटत जातात ते टिपतात. त्यासाठी एका थेंबाइतकाही द्रव लागत नाही.