लॉर्ड वूल्टन
फ्रेडरिक जेम्स मार्क्विस, वूल्टनचे पहिले अर्ल (२३ ऑगस्ट, १८८३ – १४ डिसेंबर, १९६४) हे ब्रिटिश व्यापारी व राजकारणी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, एप्रिल १९४० ते नोव्हेंबर १९४३ या कालावधीत, ते ब्रिटनचे अन्नमंत्री होते.

== पूर्वायुष्य ==
मार्क्विस यांचा जन्म सॅलफर्ड येथे झाला. मँचेस्टर विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ शाळेत गणित शिकवले. त्यानंतर लिव्हरपूलच्या गोदी भागातील कष्टकरी वस्तीत राहून त्यांनी समाजकार्य केले. तेथे शेजारची एक स्त्री उपासमारीने मरण पावली. या घटनेचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी चामडे व पादत्राणांच्या पुरवठ्याचे सरकारी काम पाहिले. युद्धानंतर ते लिव्हरपूलच्या 'लुईस' या मोठ्या दुकानसमूहात गेले आणि १९३६ मध्ये त्याचे अध्यक्ष झाले. जर्मनीने १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्यांनी जर्मन मालावर बहिष्कार जाहीर केला. याबद्दल त्यांना सरकारची नाराजी पत्करावी लागली.

== अन्नमंत्रिपद ==
युद्धापूर्वी ब्रिटन आपल्या अन्नाचा मोठा भाग परदेशांतून आणत असे. जर्मन पाणबुड्यांनी जहाजे बुडवण्यास सुरुवात केल्यावर हा पुरवठा धोक्यात आला. बेकन, लोणी व साखर यांचे शिधावाटप ८ जानेवारी, १९४० रोजीच सुरू झाले होते. वूल्टन यांच्या कार्यकाळात ते चहा, चीज इत्यादी पदार्थांपर्यंत वाढले. चहा माणशी आठवड्याला जेमतेम ५७ ग्रॅम मिळे. आधी कोणत्याही पक्षात नसलेल्या या दुकानदार मंत्र्याला गिऱ्हाईक मात्र ठाऊक होते. टंचाई लोक सोसतात, पक्षपात सोसत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते.

डिसेंबर १९४१ मध्ये सुरू झालेली गुणपद्धती याच जाणिवेतून आली. नेहमीच्या शिध्यासाठी कुटुंबाला ठरावीक दुकानदाराकडे नाव नोंदवावे लागे. डबाबंद मांस, मासे यांसारख्या वस्तूंसाठी मात्र प्रत्येकाला ठरावीक गुण मिळत आणि ते कोणत्याही दुकानात खर्च करता येत. एखादी वस्तू कमी पडू लागली की मंत्रालय तिचे गुण वाढवी. साठा पडून राहिला की कमी करी. निवडीचे थोडे स्वातंत्र्य राहिल्याने गृहिणींना ही पद्धत पटली.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाचे काम मुलांसाठीचे आहे. जुलै १९४० मध्ये राष्ट्रीय दूध योजना सुरू झाली. तीनुसार पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व स्तनदा माता यांना रोज एक पाइंट दूध स्वस्तात, आणि गरिबांना विनामूल्य, मिळू लागले. पुढे संत्र्याचा रस व कॉड माशाच्या यकृताचे तेल दिले जाऊ लागले. शालेय भोजन घेणाऱ्या मुलांची संख्या कित्येक पटींनी वाढली. या धोरणामागे आहारशास्त्रज्ञ जॅक ड्रमंड यांचा सल्ला होता. युद्धाच्या अखेरीस बालमृत्यूंचे प्रमाण युद्धापूर्वीपेक्षा कमी झालेले होते.

पांढरा पाव १९४२ मध्ये बंद करून कोंड्याचा अंश असलेला करडा 'राष्ट्रीय पाव' आणण्यात आला. तो कोणाला फारसा आवडला नाही, पण युद्धकाळात पावावर शिधा लागला नाही. सॅव्हॉय हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याने बनवलेल्या, बटाटे, गाजर व फ्लॉवर घातलेल्या बिनमांसाच्या पायला वूल्टन यांचेच नाव मिळाले. त्याची थट्टाही भरपूर झाली.

ही समता संपूर्ण नव्हती. उपाहारगृहातील जेवण शिध्याबाहेर असल्याने पैसेवाल्यांना पळवाट होती. म्हणून १९४२ मध्ये एका जेवणाची कमाल किंमत पाच शिलिंग ठरवण्यात आली. काळा बाजारही चालूच होता. शिवाय ब्रिटनमध्ये शिधा सुरळीत मिळत असताना, १९४३ मध्ये त्याच साम्राज्यातील बंगालमध्ये लाखो माणसे दुष्काळात मेली. बंगालचा अन्नपुरवठा वूल्टन यांच्या खात्याकडे नव्हता. तरीही धान्यासाठी जहाजे कोठे पाठवायची, हा निर्णय लंडनमध्येच होत होता, हे त्यांच्या यशाबरोबर नोंदवणे आवश्यक आहे.

== पुढील जीवन ==
नोव्हेंबर १९४३ मध्ये ते पुनर्रचना मंत्री झाले. हुजूर पक्षाच्या १९४५ मधील पराभवानंतर त्यांनी त्या पक्षात प्रवेश केला आणि १९४६ ते १९५५ या काळात ते पक्षाध्यक्ष होते. लांबलेल्या शिधावाटपाला कंटाळलेल्या मतदारांचा १९५१ च्या विजयात त्यांच्या पक्षाला लाभ झाला. मांसावरील अखेरचे निर्बंध ४ जुलै, १९५४ रोजी उठले. त्यांच्या आठवणी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाल्या.